वारा सरला का, खाला?

दिवाळी अंक लोक फराळाची ताटली मांडीवर घेऊन वाचतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, हातातली करंजी संपवा आणि मगच पुढे वाचा. ज्या गोष्टीची वाट बघण्यात माझी नोकरीतली निम्मी वर्षं गेली, ती गोष्ट म्हणजे पेशंटचा वारा सरणं. सभ्य माणसं तिला गॅस पास होणं म्हणतात. मी बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स आहे. हा एक प्रश्न मला मराठी, हिंदी, मल्याळम, अरबी आणि फिलिपिनो अशा सगळ्या भाषांत न लाजता विचारता येतो. यातल्या शेवटच्या तीन भाषांत मला साधी भाजीसुद्धा विकत घेता येत नाही.

मी मंगल. मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग इकडे आले आणि आता दुबईशेजारच्या अजमानमध्ये एका खाजगी हॉस्पिटलात आहे. कुठल्या साली आले, पहिली खोली कशी होती, पहिल्या उन्हाळ्यात किती रडले, हे सगळं वगळते. ते इथे आलेल्या प्रत्येकाचं सारखंच असतं आणि प्रत्येकजण ते सांगतोच. मला सांगायचंय ते कानाबद्दल.

आधी पोटाचं सांगते, म्हणजे कान कशाला ते कळेल. पोट उघडून ऑपरेशन केलं, मग ते गर्भपिशवी काढायचं असो की एखाद्या गाठीचं, की आतडी रुसतात. त्यांना कोणी काही केलेलं नसतं, पण शेजारी एवढी तोडफोड झाली म्हणून तीही काम बंद करून बसतात. ती हलेपर्यंत पेशंटला धड खायला देता येत नाही. पोट फुगतं, मळमळतं, टाके ओढले जातात. बहुतेकींची आतडी एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतात. एखादीची येत नाहीत आणि मग तिचे हाल बघवत नाहीत. वारा सरला की समजायचं, आतडी कामावर रुजू झाली. आमच्या वॉर्डात ही बातमी परीक्षेच्या निकालासारखी फिरते.

यावर आमचे नेहमीचे उपाय असतात. पेशंटला लवकर उठवून चालवायचं, चघळायला च्युइंगगम द्यायचं, औषधं तर चालूच असतात. त्यात काही वर्षांपूर्वी कानाची भर पडली. हॉस्पिटलात पारंपरिक उपचारांचा एक छोटा विभाग निघाला आणि तिथे चीनहून लिन मॅडम आल्या. मोहरीएवढ्या काळ्या बिया, चिकटपट्टीच्या इवल्याशा चौकोनावर एकेक बसवलेल्या. मॅडम त्या चिमट्याने उचलून पेशंटच्या कानावर लावायच्या. ऑपरेशन पोटाचं आणि पट्टी कानाला! मी तोंडावर हात धरून हसले होते. मॅडमनी माझं हसू पाहिलं, मला आरशासमोर उभं केलं आणि माझाच कान दाखवला. म्हणाल्या, नीट बघ, आईच्या पोटात उलटं झोपलेलं बाळ दिसतं की नाही? कानाच्या पाळीच्या जागी डोकं, बाहेरच्या कडेला पाठीचा कणा, वर दुमडलेले पाय. आणि खरंच दिसलं की हो! त्या दिवसापासून स्टाफ बसमध्ये मला कोणाचाच कान साधा दिसेना.

त्या बाळाच्या नकाशावर एकेक जागा ठरलेली असते. कानाच्या वरच्या त्रिकोणी खळग्यात गर्भपिशवीची जागा आणि तिच्या शेजारीच मन शांत करायची. कानाच्या भोकाजवळच्या खोलगट वाटीत पोट आणि आतडी. बी लावली की ती बोटाच्या चिमटीत धरून दाबायची. चोळायची नाही, नख लावायचं नाही. कान गरम होऊन थोडा ठणकला की सोडायचा, मग काही वेळाने पुन्हा. सुई नाही, रक्त नाही. मी रीतसर शिकले, परीक्षा दिली, परवाना घेतला, आणि आजही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कोणाच्या कानाला हात लावत नाही. यातला किती गुण कानाचा, किती चालण्याचा आणि किती कोणीतरी जवळ बसून आपुलकीने विचारपूस केली त्याचा, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मळमळीने पांढरीफटक पडलेली बाई माझ्यासमोर डोळे उघडून "सिस्टर, जरा बरं वाटतंय" म्हणते, तेव्हा मला अजूनही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. बियांऐवजी सोनेरी मुलाम्याचे बारीक मणीही मिळतात. दुबईत राहणाऱ्या माणसासमोर सोनं हा शब्द काढू नये, ही अक्कल मला उशिरा आली. पुण्याच्या एका बाईंनी हौसेने ते मणी लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बघते तर कान रिकामा! चोरीला जातील म्हणून बाईंनी ते उचकटून टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवले होते. मला विचारतात, "किती कॅरेट आहे हो?" मी म्हटलं, "बाई, नुसतं पाणी दिलंय त्याला." त्यांना ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा ते जास्त झोंबलं.

दुसरी होती साफसफाईच्या कंपनीतली एक मुलगी, दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पकडे राहणारी. अंडाशयावरची गाठ काढून ती कामावर परतली तर सुपरवायझरला वाटलं, ही कानात ब्लूटूथ लावून ड्युटीवर फोन ऐकते. मी त्याला फोन करून समजावलं, "भाई, वो बीज है." तो म्हणतो, "सिस्टर, बीज से सुनाई कैसे देता है?" हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण त्या पोरीला खरं तर अजून विश्रांती हवी होती आणि तिला इतक्या लवकर मॉप हातात घ्यावा लागला. त्यावरचा बिंदू कुठल्याच कानावर नाही. तिची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

आता शमीम खालांकडे, म्हणजे शमीम मावशींकडे येते. हा सगळा लेखच खरं तर त्यांच्यासाठी आहे.

खाला रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. अर्धं आयुष्य अजमानमध्ये गेलेलं. नवरा इस्माईलभाई, अबू धाबीला मुसफ्फात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन. आठवडाभर तिकडे कॅम्पवर राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. एकुलती एक मुलगी नाझनीन, इथेच जन्मली, इथेच शिकली, दुबईत एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. आणि नाझनीनला दिवस गेलेले, पहिलटकरीण.

खालांच्या गर्भपिशवीत मोठ्या गाठी होत्या. नाझनीनच्या तारखेच्या बऱ्याच आधी ऑपरेशन उरकायचं, खडखडीत बरं व्हायचं आणि लेकीच्या बाळंतपणाला कंबर कसून उभं राहायचं, असा त्यांचा बेत होता. पण अंगात रक्त कमी, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. मग रक्तस्राव एवढा वाढला की आमच्या सर्जन डॉक्टर हनान म्हणाल्या, आता थांबता येणार नाही. या हनान मॅडम इजिप्तच्या. हात सोन्याचा, जीभ तिखट.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाला मला म्हणाल्या, "मंगलबाय, गावाला असते तर पोरगी माझ्याकडे माहेराला आली असती. हितं माहेर काय नि सासर काय, लिफ्टचं बटन बदलतं तेवढंच. पण मी तिला शब्द दिलाय, तू आत असशील तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल." शेजारी बसलेली नाझनीन मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "ममा, यू जस्ट रेस्ट. आय विल मॅनेज." खालांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

ऑपरेशन झकास झालं. संध्याकाळी हनान मॅडमच्या परवानगीने मी खालांच्या कानाला बिया लावल्या आणि माझी नेहमीची युक्ती सांगितली. दाबायच्या वेळा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, ही कायमची तक्रार. पण या देशात घड्याळाची गरज काय? अजान सगळ्यांनाच ऐकू येते. माझ्या केरळच्या ख्रिस्ती पेशंट आणि पुण्याच्या बाया अजान झाली की कान दाबतात. मुसलमान बायकांना मी सुटसुटीत सांगते, दर नमाजानंतर कान दाबायचा. लिन मॅडमना ही युक्ती इतकी आवडली होती की त्यांनी ती स्वतःच्या पेशंटनाही सांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर खालांचं पोट टम्म फुगलेलं, चेहरा उतरलेला आणि उशाशी उलटीचं भांडं. वारा सरलेला नव्हता. मी विचारलं, "खाला, कान दाबताय ना?" त्या म्हणाल्या, "हां गो, तू बोललीस तसंच करतंय." हनान मॅडम राउंडला आल्या, पोटावर हात ठेवला, स्टेथोस्कोप लावला आणि तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात खालांचा फोन वाजला. पलीकडे जावई आदिल होता. नाझनीनला कळा सुरू झाल्या होत्या! तारखेच्या दोन आठवडे आधी! तो तिला घेऊन याच हॉस्पिटलात यायला निघाला होता.

खाला उठूनच बसल्या. मी आणि हनान मॅडमनी दोन्हीकडून धरलं नसतं तर सलाईनसकट पळाल्या असत्या. "मला वर न्या," एवढंच बोलल्या आणि पुन्हा उलटी झाली.

बाळंतपणाचा वॉर्ड आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. मध्ये फक्त एक छत. पण हनान मॅडम ऐकेनात. "नो, हबीबती. पोट असं फुगलेलं, वर उलट्या चालू, या अवस्थेत मी तुम्हाला बाळंतपणाच्या खोलीत पाठवणार नाही. आतडी हलली तर बघू. संध्याकाळपर्यंत नाही हलली तर नाकातून नळी घालणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर मंगल, तुझ्या बिया किंवा माझी नळी. मगरिबपर्यंत वेळ आहे. यल्ला, लाग कामाला!"

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. माझ्या अंगात वीज संचारली. नोकरीत असे दिवस रोज येत नाहीत. मी खालांना उभं केलं, पोटावर आडवी उशी बांधल्यासारखी धरायला दिली, म्हणजे चालताना टाक्यांना झटका बसत नाही, आणि आमची वरात कॉरिडॉरमध्ये निघाली. तोंडात च्युइंगगम. खालांनी जन्मात च्युइंगगम खाल्लं नव्हतं. "हे गिळायचं कधी?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, कधीच नाही. त्यांना ते अन्न वाया घालवल्यासारखं वाटलं.

दुपारी इस्माईलभाई मुसफ्फाहून येऊन पोचले, वर्कशॉपच्या कपड्यांतच. आल्या आल्या विचारलं, "पोरगी कशी हाय? आणि ही कशी हाय?" नाझनीन वर दाखल झाली होती. आदिलचे मेसेज खालांच्या फोनवर येत होते. कळा वाढतायत. डॉक्टर बघून गेले. अजून वेळ आहे. प्रत्येक मेसेजला खाला छताकडे बघायच्या, तिथून काही ऐकू येईल म्हणून.

मग समोरच्या मशिदीतून जोहरची, म्हणजे दुपारची अजान झाली. इस्माईलभाई टोपी घालून नमाजाला गेले. अजान संपली, मी खालांच्या कॉटजवळ सलाईन बदलत होते आणि खाला? हात पोटावर जोडून स्वस्थ पडलेल्या. कानाला बोटसुद्धा नाही.

"खाला, कान?"

खालांनी इकडेतिकडे पाहिलं, पडदा ओढून घ्यायची खूण केली आणि मला खाली वाकवून पुटपुटल्या, "मला नमाज माफ हाय ना गो सध्या. अजून लाल जातंय. नापाकीत नमाज कशी पढू?"

"बरं, मग?"

"मग काय? तूच बोललीस, नमाजानंतर दाबायचा. नमाज नाय, तर दाबायचा नाय."

मी त्यांचा कान बघितला. दाबलेला कान लालसर आणि ऊबदार असतो. हा कान पांढरा आणि गारेगार! बिया लावल्या तेव्हापासून जशाच्या तशा, कोणी हात न लावलेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाईंनी मला एका शब्दाने फसवलं नव्हतं. मी सांगितलं तस्सं केलं होतं.

"खाला," मी म्हटलं, "नमाज माफ आहे की नाही ते तुम्ही आणि तुमचा अल्ला बघून घ्या. कान माफ नाही!"

"म्हंजे असाच दाबला तर चालतो?"

"धावतो!"

खालांचे डोळे चमकले. मग आम्ही जे सुरू केलं त्याला अॅक्युप्रेशर म्हणायचं की युद्ध, ते मला माहीत नाही. एका कानाला त्या, दुसऱ्याला मी. आतड्यांच्या बीवर बोट ठेवलं तर खाला "आय आय गो" करून ओरडल्या. नेमक्या जागी दुखतं म्हणजे जागा बरोबर आहे. थोडं दाबायचं, थोडं चालायचं, पुन्हा दाबायचं. मला इतर पेशंटही होते, त्यामुळे मी सारखी जवळ थांबू शकत नव्हते. इस्माईलभाई परत आले तेव्हा मी म्हटलं, "भाई, तुम्ही शिका. तुमच्याकडे सोपवून जाते."

इस्माईलभाई घाबरले. इतकी वर्षं संसार करून त्यांनी चारचौघांत बायकोच्या हाताला हात लावला नसेल, कान तर लांबच. "मी?" म्हणाले. खाला लाजून डोक्यावरचा दुपट्टा पुढे ओढायला लागल्या, "नको गो मंगलबाय, लोक काय बोलतील." मी पडदा ओढला आणि म्हटलं, "आता लोक नाहीत. दाबा." त्यांनी आपला राकट अंगठा पुढे केला आणि असा काही जोर लावला की खालांनी किंकाळी फोडली.

"भाई, वेल्डिंग नाही करायचं! हलक्या हाताने!"

मग जमलं. परत येऊन बघते तर इस्माईलभाई स्टुलावर बसून खाली मान घालून बायकोचा कान दाबतायत आणि खाला त्यांना गावच्या वाटेवरच्या कुठल्याशा आंब्याचं काहीतरी सांगतायत. उलटी थांबली होती. पण पोट अजून गप्पच.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची अजान झाली. आदिलचा मेसेज आला, डॉक्टर म्हणतायत आता फार वेळ नाही. तो वाचून खालांचा धीर सुटला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मंगलबाय, मला अशीच ने. उलटी झाली तर होऊ दे. मी दरवाज्यात बसून राहीन. ती 'आय विल मॅनेज' बोलते ना, ती अशीच बोलते. लहानपणी इंजेक्शनला अशीच बोलायची आणि मग माझा हात पिळून काढायची. मला ठाऊक हाय तिचं."

मलाही मुलगी आहे. एक क्षण वाटलं, घालावी खुर्चीत आणि न्यावी गुपचूप. पण तसं करता येत नाही. डॉक्टर नाही म्हणाल्यावर नर्सने पेशंट हलवला आणि वर काही झालं तर लेकीच्या कळा बघायच्या की आईला सावरायचं? मी म्हटलं, "खाला, रडून पोट आणखी फुगेल. उठा. अजून एक फेरी."

फेरी निघाली. एका बाजूला इस्माईलभाई, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये उशी पोटाशी धरून खाला, सलाईनचा स्टँड माझ्या हातात. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट. वेळ भेटीगाठींची, त्यामुळे वर्दळ. लिफ्टचं दार उघडलं आणि पांढराशुभ्र पायघोळ कंदूरा घातलेले एक वयस्कर अरब गृहस्थ हातात भलामोठा फुलांचा गुच्छ घेऊन बाहेर आले. आणि बरोबर त्याच वेळी, त्यांच्यासमोर, आमच्या खालांचा वारा सरला.

काय आवाज होता म्हणून सांगू! लपवण्याचा प्रश्नच नव्हता. नर्सेसच्या काउंटरपर्यंत ऐकू गेला.

खालांनी दुपट्ट्यात तोंड लपवलं. इस्माईलभाईंनी मात्र दोन्ही हात वर करून "माशाल्ला!" अशी आरोळी ठोकली. मी माझं पद विसरून जागच्या जागी उडीच मारली. काउंटरवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. ते अरब गृहस्थ आधी गोंधळले, मग आमचे चेहरे बघून त्यांना वाटलं असावं की काहीतरी फार शुभ घडलंय. त्यांनी छातीवर हात ठेवला, अदबीने मान झुकवली आणि म्हणाले, "मबरूक." म्हणजे अभिनंदन. खाला दुपट्ट्याच्या आतून म्हणाल्या, "शुक्रन." अजून एकदा आवाज झाला.

मी हनान मॅडमना फोन लावला. त्या आल्या, पोट बघितलं, स्टेथोस्कोप लावला आणि आतड्यांचा गुडगुडाट बराच वेळ ऐकत राहिल्या. "चालल्यामुळे झालं," म्हणाल्या. मी म्हटलं, "कान, मॅडम." त्या म्हणाल्या, "चालणं." इस्माईलभाई म्हणाले, "दुआ." खाला ओरडल्या, "जे काय असेल ते असू दे, मला वर न्या!" हनान मॅडम पहिल्यांदाच हसल्या. खुर्चीतून, सलाईनसकट, नर्सबरोबर आणि थोडाच वेळ, अशा अटी घालून त्यांनी परवानगी दिली.

माझी ड्युटी संपली होती. स्टाफ बस खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. जाऊ दे म्हटलं, टॅक्सीने जाईन. खालांना खुर्चीत बसवलं आणि आम्ही निघालो.

वर बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी सिस्टरने अडवलं. आत एकालाच परवानगी. आदिल बाहेर आला. घामाघूम, ओठ पांढरे, केव्हाही कोसळेल असा. सासूला बघून त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "आंटी, प्लीज टेक माय प्लेस." मी सिस्टरला म्हटलं, "जावयाची जागा आई घेतेय. मला मोजू नकोस, मी सलाईनचा स्टँड आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, खालांकडे पाहिलं आणि दार उघडलं.

आत नाझनीन कॉटवर केस विस्कटून, दात आवळून पडलेली. सकाळपासून ती सगळ्यांना आय विल मॅनेज सांगत होती. दारातून खुर्ची आत येताना तिने बघितलं. कळ जरा ओसरली होती. ती श्वास टाकत म्हणाली, "ममा? गॅस?"

"पास्ड!" आमच्या खाला इंग्रजीत म्हणाल्या.

नाझनीन हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "ममा, आय कान्ट मॅनेज. आय कान्ट. हात दे." खालांनी उशी पोटाशी दाबली, खुर्ची कॉटला चिकटवायला लावली आणि हात दिला. पुढची कळ आली तेव्हा नाझनीनने तो हात असा पिळला की मलाच कळवळायला झालं. खालांनी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या हाताने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत त्या एकच म्हणत राहिल्या, "हाय मी. हाय मी हितंच."

मगरिबची अजान सुरू झाली आणि संपली. कोणाचं लक्ष नव्हतं. त्यानंतर लवकरच नाझनीनला मुलगी झाली. रडणं असं खणखणीत की बाहेर इस्माईलभाईंनी दारावर थाप मारली. सिस्टरने बाळ पुसून नाझनीनच्या छातीवर ठेवलं. काळं जावळ, मिटलेले डोळे, रागावलेलं तोंड. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि हातात सलाईनचा स्टँड असल्यामुळे पुसताही येत नव्हत्या.

खाला मात्र रडत नव्हत्या. त्या नातीकडे बघत होत्या, मग लेकीकडे, मग पुन्हा नातीकडे. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर, त्या उशीखाली गेला आणि ताज्या टाक्यांवर थांबला.

"ही नाझ माझी ज्या पिशवीत वाढली ना, ती परवाच काढली गो यांनी," त्या मला हळूच म्हणाल्या. "मेली दोन दिवस थांबली असती, तर नात बघून गेली असती."